सर्व्हे नंबर

रात्री साडेदहानंतर मी सैनिक असतो.
दिवसा पिळगावच्या सोसायटीत
खताची पोती मोजतो, पावत्या फाडतो.
कोणाला सांगू नका.

चिऱ्यांच्या भिंती दीड हात जाड.
राउटर लावायला आलेला पोरगा म्हणाला,
काका, या घरात वायफाय
एका खोलीतून दुसरीत जायला लाजतं.
म्हणून तो डबा न्हाणीच्या खिडकीत टांगला,
कोयत्याशेजारच्या खिळ्याला.
तिथून थोडं आत येतं,
बाकीचं बाहेर फणसावर सांडतं.

फणस वादातला आहे.
माझ्या आजोबांनी लावला की त्यांच्या,
यावर दिचोलीला
एकवीस वर्षं तारखा पडताहेत.
फळं मात्र दर मे महिन्यात
दोन्ही बाजूंना पडतात.

आमची चौघांची तुकडी.
एक बहुधा सातारचा,
एक कधीच बोलत नाही,
आणि एक काळो_मुंगूस.
नावावरूनच कळलं, आपल्याकडचा.
मी पडलो की धावत येतो,
गोळ्या सुटत असताना शेजारी बसून
माझ्यात जीव भरतो
आणि लिहितो : म्हाताऱ्या, आडोशाक राव.

परवा लायट गेली.
राउटरचा हिरवा डोळा मिटला.
मोबाइलच्या डेटावर कसाबसा परत शिरलो,
पिंग चारशे, माणसं पाण्याखालून चालल्यासारखी.
तुकडीत दोघेच उभे.
मुंगूस माझ्याच सेकंदाला गेलेला.

पुढच्या दोन रात्री
मी मुद्दाम बटण बंद केलं.
दोन्ही वेळा तो गेला.
दुसऱ्या वेळी फणसाखालून एक शिवी आली,
नुकत्या फुटलेल्या आवाजातली.

गडग्यावर बसलेला, तोंडावर निळा उजेड :
तन्वेश. चुलतभावाचा.
याच्या बारशाला आम्हाला बोलावणं नव्हतं.

पासवर्ड कोणी दिला, हे विचारायची गरज नाही.
मीच ठेवला होता तो.
सर्व्हे नंबर एकशे अठरा, पोटहिस्सा तीन.
दोन्ही घरांत पोरांना
पाढ्यांच्या आधी पाठ होणारा आकडा.

बदलायला दोन मिनिटं लागतात.
वकिलाला विचारलं तर म्हणेल, अतिक्रमण,
आणि नवीन अर्जाची फी सांगेल.

मंगळवारी तारीख होती.
बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला त्याचा बाप,
मध्ये कोणाची तरी छत्री.
पुढची तारीख घेऊन आलो.

रात्री पुलाजवळ पडलो.
मुंगूस आला, बसला, जीव भरला.
आज नेट बरें चलता, त्याने लिहिलं.
मी काहीच लिहिलं नाही.
डबा संध्याकाळीच एक खिळा
बाहेर सरकवला होता.

जूनच्या आत त्याच्यावर
पत्र्याचा तुकडा ठोकायला हवा.
तो हद्दीच्या कुठल्या बाजूला येतो,
मोजून बघायला हवं.