रकाना नऊ

कॉंग फिदालिया मारबानियांग तीन मजले चढून आल्या
आणि त्यांना धाप लागली नव्हती.
हे मी आधी पाहिलं. नाव नंतर विचारलं.

शिलाँगच्या सचिवालयात, निर्णय अधिकाऱ्यांच्या दाराबाहेर
माझं टेबल. एक पाय आखूड,
खाली जुनं परिपत्रक दुमडून घातलेलं.
लोक येतात, सांडलेली माहिती
प्लास्टिकच्या पिशवीत भरून.
मी ती रकान्यांत बसवतो.

त्यांच्या पिशवीत एक रिपोर्ट, थुंकीचा, चार वर्षांपूर्वीचा.
आजार केव्हाच गेला.
शेवटच्या गोळीचं रिकामं पाकीटसुद्धा त्यांनी जपलेलं.
रिपोर्ट तेवढा जिवंत राहिला
लॅबच्या कुठल्याशा कुलूप नसलेल्या संगणकात,
आणि मार्चमधल्या एका दुपारी
इउदुहच्या अख्ख्या बाजाराच्या खिशात वाजला.

"जादोहच्या साठ थाळ्या जायच्या," कॉंग म्हणाल्या,
"आता अकरा. त्यातल्या चार बहिणीच्या घरी."

साठ वजा अकरा. हे सोपं. हे टाइप केलं.
मग समजावलं, पाठ झालेल्या आवाजात:
कलम त्रेचाळीस-अ. लॅबच्या कंपनीनं वाजवी काळजी घेतली नाही
असं दाखवा, मग हानी दाखवा, मग आकडा.
आकड्यावर फी. लाख मागाल तर पाच हजार,
पुढे चढत जाते.
"म्हणजे दुःख मोठं सांगितलं तर महाग पडतं?"
मी म्हटलं, नियम दोन हजार तीन सालचे आहेत.

आणि घाई करा, कॉंग. हे कलम आता थोड्या दिवसांचं.
नवा कायदा जिना चढतोय, एकेक पायरी.
तो वर पोचला की हे गळणार.
त्यात दंड मोठा, अडीचशे कोटींपर्यंत.
"मला?"
नाही. सरकारी तिजोरीला.
"वेशीला टांगली माझी अब्रू,
आणि भरून निघणार दिल्लीचं?"
मी खिडकीबाहेरच्या पाइनकडे पाहिलं.
तक्रार खोटी निघाली तर दहा हजारांपर्यंतचा दंड
तुमच्याकडून, हे सांगायचं
तेव्हाच आठवलं. सांगितलंही.

रकाना नऊ: हानीचं स्वरूप.
त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,
"चर्चमध्ये माझ्या बाकावर आता ऐसपैस बसता येतं.
नात माझ्याच कपातून चहा प्यायची.
हल्ली धाकटी तो कप उचलून नेते,
प्रेमानंच नेते,
वेगळा विसळते.
याचे किती?"

माझ्याकडे दर नव्हता.
साहेब जेवायला गेलेले. पंखा बंद.
कॉंगनी जाइनसेमच्या गाठीतून सुपारी काढली,
पानाला बोटानं चुना लावला,
अर्धा क्वाय स्वतः घेतला, अर्धा माझ्यापुढे धरला.
आमच्यात क्वाय नाकारत नाहीत.
गेलेल्या माणसाबद्दलही आम्ही म्हणतो,
देवाच्या दारी क्वाय खायला गेला.

माझा हात उठला.
उठायला जरा उशीर झाला,
प्रिंटरला एक ओळ छापायला लागतो
एवढाच.

त्यांनी पाहिलं.
"हेही लिही," म्हणाल्या.

मी क्वाय खाल्ला. तोंड तापलं, कान तापले.
रिकाम्या नवात कर्सर लुकलुकत राहिला.
सगळ्यांत खाली आणखी एक रकाना असतो, साक्षीदाराचा.
तिथं मी माझं नाव टाइप केलं,
पुसलं,
मग पत्ता आधी लिहायला घेतला.