पावलांखालचं साल

लाँड्रोमॅटच्या यंत्रांतून नाणी काढायचं काम माझं.
बफेलो शहरात अकरा दुकानं, मंगळवारी आणि शुक्रवारी.
पिशवी भरते, खांदा भरून येतो,
आणि तिच्यातली एकही पावली माझी नसते.

माझ्या पावल्या वेगळ्या.
चांदीच्या, खिशाखिशांतून शंभर वर्षं घासून निघालेल्या.
त्यांच्यावरची उभी बाई आता
धुक्यात बसची वाट पाहणाऱ्या कुणासारखी दिसते.
नाक नाही. हातात ढाल आहे,
पण ढालीवर काय होतं ते ढालीलाही आठवत नसेल.

घडवणाऱ्याचं एक चुकलं होतं.
साल त्यानं तिच्या पावलांखालच्या पायरीवर कोरलं,
जरा उंचावर.
येणाऱ्या-जाणाऱ्याचा अंगठा आधी तिथेच लागायचा.
आधी साल गेलं, मग चेहरा.

माझ्या आईचंही तसंच झालं.
आधी साल हरवलं, मग आम्ही.

महिन्याला चाळीस डॉलर. कॉफीच्या रिकाम्या डब्यात, वेगळे.
रोझलिन डब्याबद्दल विचारत नाही, मी डबा लपवत नाही,
एवढ्यावर एकोणतीस वर्षं निभावली आहेत.
चाळिसात चकचकीत नाणं येत नाही.
चकचकीत नाणं म्हणजे कुणाच्याच उपयोगी न पडलेलं,
अशी मी माझी समजूत घालतो,
आणि काचेपलीकडचं एखादं पाहून
पुढच्या टेबलाकडे जरा लवकरच सरकतो.

फेब्रुवारीत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बाजार होता.
सरोवराकडून आलेला बर्फ दाराशी गुडघाभर.
कोपऱ्यातल्या टेबलावर मिसेस स्टॅडनिक,
अंगात नवऱ्याचा कोट, पुढ्यात बिस्किटांचा डबा.
साल नसलेल्या पावल्या. कुठलीही घ्या, सात डॉलर.

मी भिंग काढलं.
सोळा सालच्या फार थोड्या पाडल्या होत्या.
साल गेलं तरी ती ओळखता येते म्हणतात:
कपाळावरचे केस जरा वेगळे वळतात,
पायाशी झग्याची घडी वेगळी पडते.
एवढंच.
तिसाव्या की एकतिसाव्या नाण्यावर मला ते वळण दिसलं.
किंवा झीज दिसली, वळणासारखी.
पुन्हा पाहिलं. भिंगावर श्वास साचला, पुसला, पुन्हा पाहिलं.
कानात रक्त वाजत होतं, आणि पलीकडे कुणीतरी
सूप संपलं म्हणून ओरडत होतं.

"बाई," मी म्हटलं, "हे एक कुणाला तरी नीट दाखवून घ्या."

त्या हसल्या नाहीत.
"कॅझिमिर हेच म्हणायचा. तीस हिवाळे
हा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसला.
मी हाक मारली की म्हणायचा, थांब, हे एक.
मला ते हिवाळे परत नकोत. सात डॉलर."

दहाची नोट दिली. तीन परत घेतले.
घेताना लाज वाटली, पण घेतले.

तज्ज्ञाकडे पाठवायचं तर साठ डॉलर, टपाल वेगळं.
म्हणजे दीड महिन्याचा डबा,
आणि उत्तर नाही आलं तर हातात तीच बाई, तेच धुकं.
खात्री ही माझ्या ऐपतीतली वस्तू नाही.
घरी येऊन पुठ्ठ्याच्या वहीत
सोळा सालचं भोक रिकामंच ठेवलं,
शेवटच्या पानावर, जिथे काहीच छापलेलं नाही,
तिथे ती पावली बसवली,
आणि मागे पेन्सिलीनं लिहिलं:
स्टॅडनिक, क्लिंटन स्ट्रीट. खरं निघालं तर देणं आहे.

रात्री रोझलिननं दिव्याखाली धरून पाहिली.
अंगठा नेमका पायरीवर.
"कुठल्या सालची?"

"अंगठा काढ," मी म्हटलं.