पाव सेकंद

गौतमी, तू विचारलंस, कुठला कोर्स लावू.
मी चहात बिस्कीट बुडवून बसलो होतो.
उत्तराला उशीर झाला, बिस्कीट गेलं.

कोर्स नको लावूस एवढ्यात.
एक चेंडू कर.
नुसता गोल, रंगसुद्धा देऊ नकोस.
वरून सोड.
पहिल्यांदा तो जमिनीतून आरपार जाईल,
पडद्याच्या तळाशी, मग तळाच्याही खाली,
जिथे कुणी काहीच काढलेलं नाही
तिथे पडत राहील.
घाबरू नकोस. माझा एक चेंडू
दोन हजार सातपासून पडतोय.

मग त्याला जमीन दे. मग उसळी,
दर खेपेला आधीपेक्षा थोडी कमी.
किती कमी, ते पुस्तकात शोधू नकोस.
आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात जा,
रबरी चेंडू सोड आणि पायऱ्या मोज.
तळमजल्यावरचे चाळके बाहेर येऊन ओरडतील.
त्यालाच आमच्यात कोलिजन म्हणतात.

लोक सांगतील, स्वतःचं इंजिन लिही.
मी लिहिलं. तीन वर्षं,
गोरेगावच्या एका गाळ्यात, खाली झेरॉक्सचं दुकान.
इंजिन झालं. गेम राहिला.

त्यापेक्षा दुसऱ्याचा कोड वाच,
आजारी माणसाला पेपर वाचून दाखवतात तसा, मोठ्यानं.
तू जिथे अडखळशील
तिथे बहुतेक त्यालाही ठेच लागलेली असते.

गणित लागतं, हो.
साइन आणि कोसाइन मला दहावीत कळले नाहीत,
कळले ते कन्नमवार नगरच्या क्लबात,
साठ वॉटच्या बल्बखाली, कॅरमवर.
सुर्वेमामा कुलपांच्या कारखान्यातून सुटून यायचे,
बोटांना ग्रीसचा वास,
पावडर टाकली तरी तो जायचा नाही.
म्हणायचे, सोंगटीकडे काय बघतोस,
ती जिथून जाणार ती मोकळी जागा बघ.
मारायच्या आधी थांबायचे.
नाकातून श्वास सोडायचे.
मग टिचकी.

आणि बाकी काय आवडतं, असंही विचारलंस.
ओहोटी.
अमावास्येच्या आसपास, पहाटे, वरळीच्या खडकांवर
मी कमरेत वाकून डबक्यांत बघत असतो.
शंखातला खेकडा घर बदलतो तेव्हा
जुन्या आणि नव्या शंखाच्या मध्ये
अगदी उघडा, मऊ, गुलाबी असतो.
ते एकदाच बघायला मिळालं. सहा वर्षांत.
बायको म्हणते, दिवसभर कॉम्प्युटरवर पाणी काढतोस
आणि सुटीच्या दिवशी पाणीच बघायला जातोस?
करवंदाचं लोणचंही आवडतं,
पण त्याचा कोडला काही उपयोग नाही.

तर, कॅरमचा गेम.
तू खेळलीयस तो, पण नवा.
जुन्यात बोट उचललं की स्ट्रायकर
पाव सेकंद जागीच राहायचा.
लोकांनी लिहिलं, अडकतो. लिहिलं, फोन तापतो.
एकानं माझ्या आईची चौकशी केली.
कुरुविला साहेबांनी कोड उघडून बघितला,
त्या ओळीशेजारी मी लिहून ठेवलं होतं:
हे चुकून नाही.

गेल्या वर्षी काढला तो पाव सेकंद.
एक ओळ. पुसायला काही लागत नाही.
तारे वाढले, तीनाचे सव्वाचार झाले.
माझ्या लॅपटॉपवरच्या प्रतीत मात्र तो तसाच आहे,
रात्री जेवणानंतर एखादा बोर्ड लावतो,
टिचकी मारतो,
आणि कुणीतरी श्वास सोडायची वाट बघतो.

पुस्तकाचं नाव हवं होतं ना तुला?
खरंच आठवत नाही. निळं होतं,
कव्हरवर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग.

शनिवारची ओहोटी पाच वाजून दहाला आहे, येणार असलीस तर
जुन्या चपला घाल, खडक बोचतात.
आणि तुझा चेंडू पडायला लागला
की खालून हाक मार.