अंगठा

चौथा दिवस. फळी अजून चिकट.
वागळे इस्टेट, गाळा नंबर सतरा, तापलेल्या पत्र्याखाली
जांभळाच्या लाकडामधून ओतलेला निळा ओढा
अंगठ्याला सोडत नाही.

जो येतो तो दाबून बघतो.
चहावाला. शेजारचा वेल्डर गजेंद्र.
कासारवडवलीचं गिऱ्हाईक तर दोनदा,
मग पँटला बोट पुसत म्हणालं, "हं."

मी आठवून पाहिलं: काटा नवा.
दोनास एक, वजनाने.
भांड्याच्या कडा खरवडल्या होत्या, तळही.
खाडीचा दमटपणा? तो तर रोजचाच.
कुणी म्हणालं, ऊन दाखव. दाखवलं.
कुणी म्हणालं, वरून हार्डनर चोपड.
अहो, ते काय मीठ आहे, मागाहून घालायला?

रात्री कॅन हलवून पाहिले तेव्हा कळलं.
लेबलं पुसलेली, आणि हणमंताने
माझ्यामागून केलेल्या भांड्यात
दोन्ही वेळा एकच कॅन ओतलेला.
रेझिनला रेझिनच भेटलं.
कितीही ढवळा, भांडण नाही, ऊब नाही,
नुसतं गोडीगुलाबीने पडून राहतं.

पत्रीने काढलं. मधासारखं लोंबत आलं.
स्पिरिटने पुसलं, पुन्हा पुसलं.
फक्त डावा कोपरा, जिथे माझं पहिलं भांडं रिकामं केलं होतं,
दगड झालेला.
त्यात एक अंगठा. इवलासा.
घट्ट व्हायच्या ऐन घडीला टेकवलेला.

"हात लावायचा नाही," असं वेणूला
त्याच संध्याकाळी मी तीनदा बजावलं होतं.

एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर हातात आहे.
गिऱ्हाईक सोमवारी येणार.
आज शुक्रवार.