हर्निया

शनिवारी दुपारी एर्मांसच्या दुकानामागे
आम्ही डॉमिनो आपटतो.
आपटतो म्हणतो, कारण आमच्या मार्टिनिकमध्ये
सोंगटी हळू ठेवणाऱ्याला पाहुणा समजतात.

चौघे असतो. पूर्वी पाच होतो;
हरलेल्याच्या जागी बसायला फुल्बेर उभा असायचा,
कंबरेवर हात ठेवून.
दोन वर्षं त्याने तिथे मलम चोळलं.
केळीचे घड वाहिलेली कंबर आहे, म्हणायचा, कुरकुरणारच.
कंबरेचं नव्हतंच ते.
खालून चढत हाडांत शिरलं तेव्हा कुठे नाव कळलं,
आणि नाव कळल्यावर अकरा आठवडे.

आज आनिसे तीनदा उठला.
एका डावात तीनदा.
भिंतीआड उभा राहतो, आणि इकडे आम्हाला ऐकू येतं
थांबणं,
मग थोडंसं,
मग पुन्हा थांबणं.
परत येऊन म्हणतो, बियर फार गार होती.
आम्ही तिघे आपापल्या सोंगट्यांचे ठिपके मोजत बसतो,
जणू ते बदलणार आहेत.

मला ती बियर ठाऊक आहे.
चार वर्षांपूर्वी मीही तीच पीत होतो.
मग फोर-द-फ्रान्सच्या इस्पितळात त्यांनी ती ग्रंथी काढली,
अक्रोडाएवढी असते म्हणे.
अक्रोड मी फक्त नाताळात पाहिलेत, बोटीतून येतात ते.
गावात सांगितलं: हर्निया.
लिओनीनेही शेजारी सांगितलं: हर्निया.
पाद्रीबाबांनी हर्नियासाठी प्रार्थना केली,
देव बहुधा गोंधळला असेल,
तरी वाचलो.

कुणाला सांगणार होतो
की पासष्टाव्या वर्षी डायपर लावून मिसाला बसतो,
की खोकला आला तर आधी पाय आवळतो,
की रात्री लिओनी कुशीवर वळते
आणि माझा हात उचलून नुसता आपल्या केसांवर ठेवते,
आणि तेवढं पुरतं, कधी कधी.
कधी कधी नाही.

हात. ह्याच हातांनी
आम्ही ती पांढरी पूड टाकली, विशीत असताना,
सार्डिनच्या रिकाम्या डब्याने मापून, एकेका केळीच्या बुडाशी,
सोंडकिडा मरावा म्हणून.
मुकादम म्हणाला, मिठासारखी आहे.
त्याच हाताने पाव खाल्ला.
किडे मेले. मातीला अजून आठवतंय.
आता पॅरिसहून माणसं येतात, रक्त नेतात, कागद नेतात,
कोर्टात शब्द जोखतात: कदाचित, बहुधा, सिद्ध नाही.
तीन मोर्च्यांत मी फलक धरला.
फलकावर विषाचं नाव हातभर अक्षरांत.
माझ्या दुखण्याचं नाव मात्र
ह्या वीतभर टेबलावर ठेवायला जीभ रेटली नाही.

आनिसे चौथ्यांदा उठतो.
माझ्या हातात डबल सहा.
आपटत नाही. हळू ठेवतो, पाहुण्यासारखी,
आणि म्हणतो, थांब जरा.
मला हर्निया नव्हता.

तेओफिल हसतो. डॉक्टरच्या बोटाचा विनोद
त्याच्या ओठावर तयारच असतो, सगळ्यांच्याच असतो.
मी हसू देतो. मग म्हणतो,
बोटाचं नंतर पाहू. आधी दंडातलं चमचाभर रक्त.
फुल्बेरने तेवढंही दिलं नाही,
तुझ्या विनोदाला भिऊन. आणि माझ्याही.

कुणी सोंगटी उचलत नाही.
आनिसे उभाच, एक हात पट्ट्यावर.
जायचंय मला, म्हणतो.
जा. पण रात्रीचे किती वेळा ते मोज.
मंगळवारी सहाची गाडी, मी बरोबर येतो.
उपाशी राहावं लागत नाही.

तो भिंतीआड जातो.
थांबणं. थोडंसं. थांबणं.
ह्या वेळी आम्ही ठिपके मोजत नाही.
पलीकडून आवाज येतो, जरा घोगरा:
"पाचदा. कधी सहा.
एर्मांसच्या कानावर नको."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एर्मांस ओरडते,
"मंगळवारी माझ्या नवऱ्यालाही न्या.
त्यालाही वर्षभर हर्निया आहे."