दाराचा ताळेबंद

नाझिब्रोला दार घेऊन आली.
दाराशी नव्हे, दारच घेऊन,
बिजागऱ्यांसकट, दोन पोरांच्या खांद्यावर,
तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या कचेरीत.
लिफ्ट होती, पण लिफ्टच्या दारातून दार जाईना.

"तुम्हीच म्हणालात ना, आहे तेवढं सगळं घेऊन या."

कुताइसीत, रिओनीच्या पुलाखालच्या गल्लीत
तिची पावाची भट्टी.
कोठीच्या दाराच्या आतल्या अंगाला
अकरा वर्षांची रोजकीर्द, पेन्सिलीत.
कोपरापर्यंत पीठ, वही धरणार कशी?
मी दार भिंतीला टेकवलं, चष्मा पुसला.
वर्षं खालून सुरू झालेली,
शेवटची दोन स्टुलावर चढून लिहिलेली.

वालिको, शोती चार. खाली बारीक अक्षरात:
मुलगा पोलंडहून पाठवेल तेव्हा.
त्सिआला बाई. रक्कम नाही, नुसतं अंड्याचं चित्र.
"त्या अंडी देतात. अंड्यावर कर बसतो का?"
पिठाची गोणी. सरपण. पुन्हा सरपण.
मग जानेवारीतले नऊ दिवस कोरे.
मी बोट ठेवलं,
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
मी लिहिलं: भट्टी बंद.

वहीला दोन रकाने लागतात, जमा आणि नावे.
दारावर नुसती नावंच होती.

चार दिवस उतरवून घेतलं.
महिन्याची एक फाईल,
विजेची बिलं निळ्या पुठ्ठ्यात, पीठ पिवळ्यात,
उधारी वेगळी, घरखर्च त्याहून वेगळा.
ती टेबलाच्या कडेला बसून शिकत होती;
पावतीला भोक पाडताना
दर वेळी डोळे मिटायची.

पण ताळा जुळेना.
एकशे बारा लारी कुठून तरी जास्तीच्या.
तीनदा बेरीज केली, हातचे तपासले,
पोरांना उगाच चहा आणायला पिटाळलं.
चौथ्या खेपेला ती उठली,
मधल्या फळीवर तळवा ठेवला.
तिथे आकड्याशेजारी एक आडवी रेघ होती,
मी ती बेरजेची समजलो होतो.

"हे पैसे नव्हेत," ती म्हणाली.
"हा बाचुकी. सहाव्या वाढदिवसाचा."

बाचुकी जिन्यातून चहा घेऊन येत होता.
चौकटीत त्याला वाकावं लागलं.

मी एकशे बारा खोडले.
बाकी शून्य.

दार परत गेलं.
"आता सगळं वहीत आहे, खुशाल रंगवून टाका," मी म्हणालो.
रंगवलं की नाही, विचारलं नाही.
ते खातं माझ्याकडे नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी फाईल येते,
सुतळीनं बांधलेली. पानं उलटली की पीठ उडतं.
परवाच्या पानावर सगळ्यात खाली,
रकाना न चुकवता, तारखेसकट:

हिशेबनीस. शोती एक. नावे.

खरं आहे.
त्या दिवशी सुटे नव्हते माझ्याकडे.