टाच राहिली

पाय इकडे. आधी कोरडा ब्रश,
मग त्या पाण्यात. नाही, टाच राहिली.
खाचेतला चिमूटभर चिखलसुद्धा पुरतो.

लोक हसतात. एकानं विचारलं,
देवळात जातोय का आम्ही?
मी म्हटलं, दवाखान्यात.

आत कौरी आहेत.
आठ-दहा जणांनी हात धरले तरी कवेत न येणाऱ्या.
खालच्या फांद्या आपणच टाकून देतात,
सालीचे पापुद्रे सोडत राहतात, वेलीनं अंगाला लागू नये म्हणून.
इतकं जपून राहणारं झाड,
पण मुळं ठेवतं अगदी वरवर,
पांघरूण लाथाडून झोपलेल्या पोरासारखी.

माझा आजोबा यूरे सतराव्या वर्षी दाल्मेशियाहून आला,
डिंक खणायला.
लोखंडी सळई दलदलीत खुपसायची आणि कान द्यायचा.
दगड टणकन बोलतो, लाकूड गप्प बसतं,
आणि डिंक? ते त्याला नीट सांगता यायचं नाही.
आजीला म्हणे, मेरेआना, दाताखाली खडीसाखर फुटते ना,
तसं काहीतरी.

जमिनीतला संपला तेव्हा तो उभ्या झाडांवर चढला.
दोर, कुऱ्हाड, खोडावर घाव,
सहा महिन्यांनी येऊन खपल्या खरवडायच्या.
त्याचं वार्निश झालं, कुठल्या कुठल्या टेबलांवर चकाकलं.
(डोलकाठ्या त्याच्या आधीच्यांनीच नेल्या होत्या.)
मी त्याला नावं ठेवत नाही.
माझ्या आईची शाळा त्यातूनच झाली.

मागच्या हिवाळ्यात पारेकुरानं मोजमाप करताना फोटो काढून आणला:
ओढ्याकाठची कौरी,
आजोबाच्या घावांचे वण अजून छातीवर,
आणि बुंध्याशी, कुणी कुऱ्हाड न लावता,
डिंकच डिंक. पिवळा, ताजा, ओंजळीनं घ्यावा असा.

आजोबा असता तर आनंदानं ओरडला असता.
रोग मुळांत शिरला की झाड असं वाहतं.

त्या वाटेवर आता राहुई आहे.
वडीलधारे पहाटे आले, मंत्र म्हटले, दोर बांधला.
लोक म्हणतात, तुम्हाला तरी सोडत असतील.
नाही. तीन वर्षं झाली.
संध्याकाळी बादली रिकामी करते, फाटकाच्या या अंगाला,
आणि माझे बूट घासते,
आत न गेलेले.

कधी वारा नसताना आत फांदी पडते.
झाडानं आपण होऊन टाकली
की हातून सुटली,
इथून कळत नाही.
मी कान देऊन उभी राहते,
हातात ओला ब्रश.